मेथीचा हात

बाई, तेराव्याला जेवून निघालेली प्रत्येक बाई हात धुता धुता मला एकच सांगून गेली. झोपेतच गेल्या, पुण्यवान होत्या. कुणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या. कुणी म्हणालं, गोळ्यांनी बरं केलं, त्यांना कळलंसुद्धा नाही. मी मान हलवत होते आणि आतून असा राग येत होता की हातातला तांब्या अंगणात भिरकावून द्यावा. यांना काय माहीत, तुम्ही त्या झोपेशी तीन महिने कशा भांडलात ते! आणि त्या भांडणात मी कुणाच्या बाजूनं होते, हे तर कुणालाच माहीत नाही. तुम्हाला आहे.

आज सोळावा दिवस. दुपारचे तीन वाजलेत. हे आत्ताच मळ्यातून माल टाकून गेले आहेत. ओल्या पोत्यावर मेथीचा आणि सांभाराचा ढीग पडलाय आणि मी ओसरीत एकटी बसलेय. तुमचा प्रवीण नाशिकला नोकरीला लागल्यावर सांभाराला कोथिंबीर म्हणायला लागला, तेव्हा तुम्ही त्याला विचारलं होतं, "तुह्या नाशिकात हिचा वास बदलते काय?" तेव्हापासून घरी आला की तो निमूट सांभार म्हणायचा.

तीन वाजले की आपल्या घरात बाकी सगळी कामं बंद. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराच्या जुड्या दिवस मावळायच्या आत बांधून व्हायला हव्यात, आणि त्या आपण दोघी जावांनीच बांधायच्या. सासूबाईंनी घालून दिलेला हा नियम त्या गेल्यावरही तुम्ही मोडला नाही. तुमच्या जुडीला वजनकाटा कधी लागला नाही. मुठीत मावेल त्याहून दोन काड्या जास्त, सुतळीचं टोक दातात, एक वेढा, एक गाठ, झालं. माझी जुडी कायम बारीक आणि आवळलेली. अठ्ठावीस वर्षं मी जुडी बांधून ढिगावर टाकायची आणि तुम्ही ती उचलून, सोडून, पुन्हा बांधायच्या. एका शब्दानं बोलायच्या नाहीत. बोलला असतात तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यातली गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. मी शहाणपणानं सगळा सांभार स्वच्छ धुतला आणि निथळू न देता पोत्यात दाबून भरला. सकाळी पोतं उघडलं तर आतून वाफ निघाली, सगळा माल काळा पडला होता. सासूबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही चुलीपुढून वळूनही न बघता म्हणालात, "मी धुतला. ध्यानात राह्यलं नाई." तुम्हाला त्या दिवशी जेवण होईपर्यंत बोलणी बसली. मला तुम्ही एवढंच सांगितलं, "धुवाचा नसते, शिपडाचा असते." मला झाकायची तुमची ही सवय तेव्हापासूनची. तिच्याबद्दल आज मला तुमच्याशी भांडायचं आहे, पण ते शेवटी.

दुखणं छातीत सुरू झालं आणि हाडात उतरलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू. मग दर मंगळवारी बुलढाण्याहून वर्षा सिस्टर यायला लागली. तिनं मॉर्फिनची बारकी पांढरी गोळी दिली आणि माझ्याकडून वेळा पाठ करून घेतल्या. सकाळी सहा, मग दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि झोपताना दोन एकदम. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. मध्येच फार दुखलं तर एक जास्तीची. सुरुवातीचे काही दिवस गुंगी राहील, घाबरू नका, हळूहळू कमी होईल, असंही ती म्हणाली होती.

ते पहिले चार दिवस, बाई, खरं सांगते, मला सुखाचे गेले. तुम्ही झोपून होतात. किती आठवड्यांनी तुमच्या कपाळावरची आठी गेली होती. मी भाजीला फोडणी देताना कान लावून बसत नव्हते, तुमच्या खोलीतून आवाज येतोय का म्हणून. मला वाटलं, हे असंच राहिलं तर किती बरं.

तुम्हाला ते मुळीच बरं वाटत नव्हतं. पाचव्या-सहाव्या दिवशी गुंगी ओसरली, पण दोनची गोळी घेतली की तुम्ही पाच-साडेपाचपर्यंत पडून राहायच्या आणि उठून बघायच्या तो जुड्या बांधून, पोती शिवून तयार. मंगळवारी सिस्टरनं वहीतलं ते नेहमीचं विचारलं. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सोसण्याच्या पलीकडे. किती आहे?

"गोळीच्या आंधी आठ राह्यते," तुम्ही म्हणालात. "गोळी घेतली का दोन."

"मग छानच की, आजी."

"छान कायचं? दोनावर मले झोप लागते. चारावर हात चालते. तू मले चार दे."

सिस्टर लिहिता लिहिता थांबली. "चार?"

"हाव. चार राहू दे. बाकीचं काढून टाक."

बाजारात गिऱ्हाइकाला शेवटचा भाव सांगावा तसं ठणकावून सांगितलंत. सिस्टरला हसू आवरेना. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि दुपारची गोळी अर्धी करून घेतली. पण अट घातली, की दुखणं वाढलं तर लपवायचं नाही, जास्तीची गोळी मागायची. तुम्ही शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले ते तक्रार करायलाच. म्हटलं, "सिस्टर, जुड्यांसाठी कुणी असं दुखणं ओढून घेतं का? त्यांचं काय ऐकता? पूर्ण गोळी लिहा." ती चपला घालत म्हणाली, "ताई, दुखतंय त्यांना. किती चालेल ते त्यांनाच ठरवू द्या." मला तिचा रागच आला. आठवड्यातून एकदा यायचं आणि पाऊण तासात जायचं, हिला काय कळणार?

कारण चार म्हणजे काय ते मी रोज बघत होते. चार म्हणजे तुमचा खालचा ओठ दातात. चार म्हणजे जुडी बांधता बांधता मध्येच हात थांबायचा, डोळे भिंतीवर जायचे आणि थोड्या वेळानं परत यायचे. तुमचं चार मला आठ पडायचं. मी कुरकुर करायची.

"कायले एवढा तरास करून घेता, बाई? पडा ना गुमान."

"झोपाले मले पुढं काई कमी हाय काय वं?"

"लोक म्हणतीन, मरणाच्या दारात असलेल्या जावेकडून जुड्या बांधून घेते."

"म्हणू दे. तुह्या जुड्या पाहून लोक काय म्हणते, ते आंधी ऐक."

हे आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. मी म्हणायची, का सोसता? तुम्ही म्हणायच्या, सोसून नाई राह्यली, जागी हाव. मला दोन्ही एकच वाटायचं. पण त्या दुपारी तुम्ही काय काय बोललात, बाई! हिवाळ्याचं बी कुठल्या मडक्यात आहे, मिरचीचं रोप कुणाकडून आणायचं, भाऊजी गेले तेव्हा तुम्ही रडला का नाहीत. ते ऐकून माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली होती. जाव होऊन अठ्ठावीस वर्षं आपण एका चुलीवर शिजवलं, आणि मैत्रिणी झालो त्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत, दुपारी तीन ते पाच. तुम्ही गोळीची अर्धी झोप नाकारलीत म्हणून. हे कळायला मला किती उशीर लागला, त्याचीच ही गोष्ट.

प्रवीणचा फोन आला, की रविवारी येतो, सकाळी नांदुऱ्याला उतरतो, दुपारपर्यंत घरी पोचतो, संध्याकाळच्या गाडीनं परत, सोमवारी पाळी आहे. चार महिन्यांनी येत होता. उपचारासाठी नाशिकला चल म्हणून तो मागे लागला होता आणि तुम्ही साफ नाही म्हणाला होतात. तेव्हा रागानं जेवण न करता गेला होता, तुमच्यासारखाच. शनिवारी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "नंदे, उद्या मले जागी ठेवजो. पव्याशी बोलाचं हाय मले." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, बाई.

पण रविवारी सकाळी तुम्हाला आंघोळ घालताना कूस बदलली आणि तुम्ही ओरडलात. भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली. "काऊन वं नंदा, गोळ्या देऊन नाई राह्यली काय बाईले?" एवढंच म्हणाली आणि गेली. माझं डोकं फिरलं. रात्रंदिवस करायचं मी आणि बोलणं ऐकायचं हे! मग मला प्रवीण दिसायला लागला. तो येणार, तुमचा दातात धरलेला ओठ बघणार. मनात म्हणणार, नाशिकला नेली असती तर आईला असं दुखू दिलं नसतं. मला वाटलं, त्यानं तुम्हाला शांत बघावं. धुतलेलं पातळ, विंचरलेले केस, कपाळावर आठी नाही. दुखणेकरी नीट ठेवला आहे हे लोक त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात, आणि मला नीट ठेवणारी दिसायचं होतं. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे तुमच्यासाठीच आहे.

बारा वाजता मी एक पूर्ण गोळी आणि एक जास्तीची, दोन्ही चमच्याच्या पाठीनं कुटल्या आणि ताकात ढवळल्या. तुम्ही एक घोट घेतलात आणि पेला खाली केलात.

"ताक कडू काऊन लागून राह्यलं वं?"

"मेथीचा हात लागला असन," मी म्हटलं.

आपल्या घरात मेथी निवडलेल्या हातानं काहीही खाल्लं तर कडूच लागतं, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. तुम्ही "हाव" म्हणालात आणि सगळं ताक प्यालात. माझ्या शब्दावर.

प्रवीण आला तेव्हा तुम्ही गाढ झोपला होतात. तो तुमच्या पायाशी बसला. दोनदा हाक मारली. एकदा तुम्ही डोळे उघडलेत, पण नजर त्याच्यावर ठरलीच नाही. त्यानं मला विचारलं, "काकू, नेहमी एवढीच झोपते का?" मी म्हटलं, "आता असंच हाय." जेवला, पुन्हा येऊन बसला. तुमच्या पावलांना हातानं चोळत होता, आणि तुम्हाला ते कळत नव्हतं. चार वाजता नांदुऱ्याची एसटी होती. उठताना तुमच्या अंगावरचं पांघरूण त्यानं तीनदा सारखं केलं.

मी देवापाशी दिवा लावत होते तेव्हा तुम्ही जाग्या झालात. आवाज जड होता. "पव्या नाई आला काय अजून?"

"आला होता, बाई. गेला."

तुम्ही पाणी मागितलंत. मी पेला दिला, तर तो तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेलात. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलंत, "मेथीचा हात नव्हता ना वं तो?"

मी दिव्याची वात सारखी करत राहिले. तुम्हीही पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर दीड दिवस तुम्ही माझ्याशी हूं की चूं केलं नाही, आणि मी दिलेला प्रत्येक घोट हुंगून घेतलात. पेज हुंगली, चहा हुंगला, साधं पाणी हुंगलं. तुम्ही चार शिव्या घातल्या असत्यात तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. त्या हुंगण्यानं मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

मंगळवारी सिस्टरला मीच सगळं सांगितलं, तुमच्या समोर. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही, पण चेहरा उतरला तिचा. म्हणाली, "ताई, पुन्हा असं करू नका. न विचारता जास्त दिलं तर श्वासावर येऊ शकतं." मग माझ्याकडे पाठ करून तुमच्याजवळ खाटेवर बसली आणि तुम्हालाच विचारलं, आता कसं करू या? तुम्ही म्हणालात, चारच ठेव. तिनं मग ठरवून दिलं, की वेळ झाली की गोळी वाटीत ठेवायची, वाटी तुमच्या हाताशी. वेळ मी सांगायची, घेणार तुम्ही. कुटायचं नाही, कशात मिसळायचं नाही.

मी भिंतीला टेकून रडत होते. तेव्हा तुम्ही दीड दिवसात पहिल्यांदा बोललात, तेही माझ्याशी नाही, सिस्टरशी. "तिले रागवू नोको वं. तिच्यानं माहं दुखणं पाहवत नाई. मले दिसते ना ते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला प्रवीणचा नंबर लावून द्यायला सांगितलंत आणि म्हणालात, "जाय, मिरच्या पलटून ये." मी अंगणात गेले. तुम्ही त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो रजा टाकून दोन दिवस राहायला आला. दोन्ही दुपारी आपल्यात बसला. कंपनीत मशीन चालवणारे हात ते, त्यांना सांभाराची काडी धरता येईना. त्यानं गाठ आवळली की देठं मोडायची.

"आवळू नोको बे," तुम्ही म्हणालात, "सांभार हाय, दुश्मन नाई."

तो हसला. मग तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवून एक जुडी बांधून घेतलीत. मध्येच तुमचा ओठ दातात गेला. त्यानं घाबरून माझ्याकडे बघितलं. माझा हात आपोआप पुढे झाला होता, तो मी मागे घेतला आणि डोळ्यांनी त्याला वाटी दाखवली. गोळी तिथंच होती. तुम्ही वाटीकडे बघितलंत, ओठ सोडलात आणि पुढची जुडी घेतलीत. तुम्ही दोघं फार काही बोलला नाहीत. नाशिकला घराचं भाडं किती, सुनेचा खोकला कमी झाला का, नातीला दात आले का, एवढंच. मला वाटलं, झालं, मायलेकांचं मिटलं, माझी चूक भरून निघाली.

मग ती सकाळ. सहाची गोळी घेतलीत, दहाचीही घेतलीत, तरी ओठ दातातून निघेना. मी जास्तीची गोळी वाटीत ठेवली. तुम्ही वाटी माझ्याकडे सरकवलीत.

"नंदे, आता चार नोको. आता पुरं काढून टाक. झोपव मले."

बाई, तीन महिने मी हेच तर म्हणत होते. आणि आता तुम्ही म्हणालात तर मला ते नको झालं. मी काय बोलले माहीत आहे ना? म्हटलं, "दुपारी मेथी येनार हाय, बाई. मले एकटीले नाई होत. आजच्या दिवस थांबा." मीच, जी तुम्हाला पडा ना गुमान म्हणत होते! झोपवलं तेव्हाही मला माझं पडलं होतं आणि जागं ठेवायला बघत होते तेव्हाही माझंच.

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तू बांध. येते तुले."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याही वेळी माझ्या मनात आलं, आधी नसतं का सांगता आलं?

मी सिस्टरला फोन केला. तिचा त्या दिवशी फेरा नव्हता तरी ती दुपारी आली, डॉक्टरांशी बोलली, गोळी वाढवून दिली. मी वाटी तुमच्या हाताशी ठेवली. तुम्ही वाटी घेतली नाहीत. म्हणालात, "तुह्या हातानं दे." मी गोळी उचलली. तुम्ही एक डोळा उघडलात.

"मेथी नाई ना लागली हाताले?"

आणि हसलात, बाई. ओठ दातात नसताना, पूर्ण हसलात. मी पदरानं हात पुसला, गोळी तुमच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. पाणी तुम्ही हुंगलं नाही.

त्यानंतर तुम्ही फार बोलला नाहीत. प्रवीण दुसऱ्या दिवशी पोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा ठेवला होता तेव्हा, तुमचा श्वास लांबत गेला आणि थांबला. झोपेतच गेलात हे खरं आहे. पण ती झोप तुम्ही मागून घेतलेली होती, आणि तेराव्याला आलेल्या बायांना मला हेच ओरडून सांगायचं होतं.

आता भांडणाचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रवीणला फाट्यावर सोडायला गेले. हे मळ्यात होते. एसटीची वाट बघत उभे होतो तर त्यानं रस्त्याकडे बघत विचारलं, "काकू, त्या रविवारी आई माझ्यावर रागावलेली होती का?"

मी म्हटलं, "काऊन?"

"तिनं नंतर फोन केला होता. म्हणाली, मीच गोळी मागून घेतली, मले लय दुखत होतं, नंदेचा काई दोष नाई. मी येणार हे तिला माहीत होतं, काकू. माहीत असून तिनं झोप मागून घेतली. म्हणजे माझं तोंडच बघायचं नसेल तिला. मग मी दोन दिवस राहिलो तेव्हा बोलली, पण मला वाटत राहिलं की ती माझी समजूत काढतेय."

बाई, काय केलंत हे? सासूबाईंपुढे झाकलंत ते ठीक होतं, तिथे फक्त एक पोतं सांभार गेला होता. इथे मला वाचवायला गेलात आणि पोराच्या जिवाला केवढं लावून दिलंत! ते पोर हे मनात घेऊन तुमच्या हाताखाली जुड्या बांधत होतं, तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घालत होतं. आणि चिता पेटल्यावर कोरड्या डोळ्यांनी उभं होतं. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे. तुम्ही माणसाचं सगळं ओळखायच्या, तुमच्या लेकराचं एवढं कसं ओळखलं नाहीत? यावर तुम्ही मला उत्तर देणं लागता. तिकडे भेटलात की पहिलं हेच विचारणार आहे.

एसटी येताना दिसत होती. एक क्षण मला वाटलं, जाऊ दे त्याला. तुम्ही झाकलं आहेच, झाकलेलं राहू दे. काकू तुम्ही आईचं फार केलंत, असं तो सकाळीच पाया पडताना म्हणाला होता, आणि ते ऐकायला मला फार गोड लागलं होतं. मग एसटी थांबली, माणसं चढली, कंडक्टरनं आमच्याकडे बघून घंटी मारली आणि ती गेली. कारण मी त्याची बाही धरून ठेवली होती. मी त्याला सगळं सांगितलं. शेजारणीचं बोलणं, दोन गोळ्या, ताक, मेथीचा हात. तुम्ही शनिवारी माझा हात धरून काय म्हणाला होतात तेही. सांगताना त्याच्याकडे बघवेना म्हणून त्याच्या पिशवीच्या बंदाकडे बघत सांगितलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं, "उठल्यावर काय म्हणाली?"

"पव्या नाई आला काय अजून, म्हणाल्या."

बाई, तो तिथेच रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसला आणि रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, लहानपणी मळ्यात काटा मोडला की रडायचा तसा. मी उभी होते. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तो हक्क मला राहिला की नाही ते कळेना. तो माफ केलं म्हणाला नाही, का केलंत असंही विचारलं नाही. दुसरी एसटी आली तेव्हा तोंड पुसून चढला. खिडकीतून म्हणाला, "पोचलो की फोन करतो, काकू." आणि पोचल्यावर केला.

तर हे असं आहे. आता सांभार झाला, मेथी झाली. मघाशी एक जुडी ढिगावर टाकली आणि सवयीनं थांबले, तुम्ही उचलून सोडाल म्हणून. मग मीच उचलली, सोडली, दोन काड्या जास्त घातल्या आणि पुन्हा बांधली. त्यानंतरच्या मात्र सोडाव्या लागल्या नाहीत. येतं मला, तुम्ही म्हणाला होतात ते खोटं नव्हतं.

उन्हानं घसा सुकला म्हणून तशीच उठले आणि पेल्यात ताक ओतून घेतलं. एक घोट घेतला तर कडू. मी पेला नाकाशी नेला, हुंगला, आणि तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले. या वेळी खरंच मेथीचा हात होता, बाई.